फोटोचं बॅकग्राउंड काढलं, पण मागे काळं का आलं?

सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्या माझ्या मामेभावाचा एकदा रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, फॉर्म बाराला बंद होतोय आणि पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटोच नाहीये." फोटो स्टुडिओ बंद झालेले. त्याच्याकडे होता पर्वतीवर काढलेला फोटो, मागे अख्खं पुणे. मी म्हटलं पाठव, दोन मिनिटांचं काम. लागला एक तास!

आपोआप बॅकग्राउंड काढणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये फोटो टाकला. स्क्रीनवर मस्त दिसला. फॉर्मला जेपीजी हवी होती म्हणून तशी सेव्ह केली, तर मागे काळंकुट्ट. बॅकग्राउंड काढलं की तिथे पांढरा रंग येतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथे काहीच उरत नाही, ती जागा पारदर्शक होते. पीएनजी फाइलमध्ये पारदर्शकता साठवता येते, जेपीजीत ती सोयच नाही. मग बरीच अ‍ॅप्स ती रिकामी जागा काळ्याने भरून टाकतात. उपाय सोपा आहे: आपल्या फोटोच्या खाली पांढऱ्या रंगाचा एक लेयर ठेवायचा आणि मगच जेपीजी करायची.

ते केल्यावर दुसरी गंमत दिसली. भावाचा डावा खांदाच गायब! शर्ट फिकट, मागचं आभाळही फिकट. माणूस कुठे संपतो हे सॉफ्टवेअरला कळलं नाही. शेवटी लॅपटॉप उघडला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इरेझरने बॅकग्राउंड खोडू नका, कारण खोडलेलं परत आणणं अवघड. लेयर मास्क वापरा. मास्क फोटोला हात लावत नाही, फक्त झाकतो. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तो भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. फोटोशॉपमध्ये फोटोचा लेयर निवडून प्रॉपर्टीज पॅनेलमधलं 'रिमूव्ह बॅकग्राउंड' दाबलं की असा मास्क आपोआप बनतो. मी पांढरा ब्रश घेऊन खांदा परत आणला. फोटोशॉपला पैसे पडतात. ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपीया किंवा लॅपटॉपवर गिम्प घेतलं तरी मास्क हाच, आणि दोन्ही फुकट.

खरा वेळ खातात ते केस. उडणाऱ्या बटांमधून मागचा रंग डोकावतो आणि पांढऱ्यावर हिरवट किंवा निळसर कड दिसते. फोटोशॉपच्या 'सिलेक्ट अँड मास्क'मधला रिफाइन एज ब्रश केसांच्या कडेने फिरवा, बराच फरक पडतो. तरीही एकेक केस वाचवत बसू नका. फॉर्मवरचा फोटो एवढासा असतो.

फक्त मित्राला स्टिकर पाठवायचा असेल तर एवढा खटाटोप नको. २०२२ साली आलेल्या आयओएस १६ पासून आयफोनवर (एक्सएस आणि पुढचे) फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो सुटा होतो. रिमूव्ह डॉट बीजी ही साइटही चांगली आहे, मात्र फुकट मिळणारा फोटो लहान असतो, फ्लेक्सवर छापलात तर फाटलेला दिसेल.

पासपोर्टसाठी मात्र हा उद्योग करू नका. मोठ्यांचा फोटो मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिथेच काढतात. इतर फॉर्मच्याही सूचना आधी वाचा; एडिट केलेला फोटो चालत नाही असं लिहिलं असेल, तर स्टुडिओ गाठा.

आमचा फॉर्म अकरा पन्नासला गेला. दुसऱ्या दिवशी मी भावाला खोलीतल्या पांढऱ्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, खिडकीकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. गडद शर्ट घालायला लावला. तो फोटो आजही त्याच्या फोनमध्ये आहे, आणि त्याला एकदाही एडिट करावा लागलेला नाही.