मुळशीच्या खोऱ्याचे दोन नकाशे

एखाद्या नदीचा इतिहास लिहावयाचा तर दप्तराइतकेंच नकाशांनाही विचारावें लागतें. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत, मुळा नदीचें खोरें आहे. सर्व्हे खात्याच्या ‘४७ एफ’ या क्रमांकाच्या नकाशांत तें येतें. आज तेथें एक विस्तीर्ण निळा जलाशय दिसतो. १९२० पूर्वीं त्या जागीं आंबेमोहोर भाताचीं खाचरें होतीं आणि मावळ्यांचीं गांवें होतीं.

इंग्रजी अमदानींत भूमीचे नकाशे मुख्यतः दोन प्रकारचे होत. पहिला महसुलाचा गांवनकाशा. पुणें जिल्ह्यांत ही नवी मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला. नंबरावरून खातेदार कोण व सारा किती, हें कळे. जमिनीची उंची मात्र त्यांत नसे. दुसरा नकाशा भूस्वरूपाचा, मैलास एक इंच या प्रमाणाचा. १९०५ नंतरच्या मालिकेंत तो रंगीत झाला: पाणी निळें, शेती पिवळी, रान हिरवें आणि समान उंचीच्या रेषा तपकिरी. शेत कोणाचें, हें मात्र त्यांत नसे.

धरणाचें मर्म या तपकिरी रेषेंत आहे. खोऱ्याचें तोंड विशिष्ट उंचीपर्यंत बांधून काढलें, कीं त्या उंचीची रेषा हाच तळ्याचा कांठ होतो. पाण्याचा एक थेंबही अडण्यापूर्वीं स्थापत्यविशारदास कागदावर सबंध तळें दिसतें, आणि कोणतीं गांवें रेषेच्या आंत पडतात, तेंही दिसतें.

टाटांच्या वीज कंपनीस असें तळें हवें होतें. त्याचें पाणी घाटाखालीं कोंकणांत भिऱ्यास सोडून वीज निर्माण करावयाची होती. सरकारनें कायद्यानें जमिनी संपादून देण्याचें ठरविलें. १९२१ सालीं मुळशीकरांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ झाले ते याच लढ्यांत. १९२४ पर्यंत झुंज चालली. अखेर धरण झालें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें.

दोन्ही नकाशे आपापल्या परीनें खरे होते. परंतु ज्यावर उंची होती त्यावर कुणबी नव्हता. आणि ज्यावर कुणब्याचें शेत होतें, तो नकाशा मोबदल्याचा हिशेब करण्यापुरताच पुढें आला. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानें हे दोन्ही नकाशे शेजारीं मांडूनच पाहावेत. निळ्या रंगाखालीं कोणाचे नंबर गेले, तें एरव्हीं कळावयाचें नाहीं.