भाषासाहाय्य, नगरप्रशासनातील (अमेरिका)

इंग्रजी अल्प जाणणाऱ्या रहिवाशांना नगराच्या दफ्तरांतील कामे स्वभाषेतून करता यावीत, यासाठी करण्यात येणारी तजवीज. तिचा आधार 1964 च्या नागरी हक्क अधिनियमाचे सहावे प्रकरण हा होय. संघराज्याच्या तिजोरीतून साहाय्य घेणाऱ्या संस्थेने वंश, वर्ण वा मूळ राष्ट्र यांवरून भेद करू नये, एवढेच त्यात म्हटले होते. परंतु सॅन फ्रॅन्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या दाव्यात, जी भाषा मुलांना उमगतच नाही तीतून सर्वांना सारखेच शिकविणे म्हणजे समान वागणूक नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये दिला आणि भाषेचा अडसर कायद्याच्या कक्षेत आला. 2000 च्या अध्यक्षीय आदेश क्र. 13166 ने हे दायित्व संघराज्याच्या सर्व खात्यांवर स्पष्टपणे टाकले.

नगरांपैकी न्यूयॉर्कची व्यवस्था विशेष अभ्यसनीय आहे, कारण तेथे इंग्रजी अल्प जाणणारे सुमारे 18 लाख लोक राहतात. 2017 च्या स्थानिक कायदा क्र. 30 अन्वये, रहिवाशांशी थेट संबंध येणाऱ्या खात्यांना आपले नित्याचे कागद स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, हैतियन क्रिओल, कोरियन, अरबी, उर्दू, फ्रेंच व पोलिश या दहा भाषांत द्यावे लागतात, तसेच किमान 100 भाषांत दूरध्वनीवरून दुभाषी पुरवावा लागतो. दहांत मराठी नाही. तेव्हा मराठी वृद्धास दूरध्वनीवरील दुभाष्याचाच आधार.

आणि खरे महत्त्व त्या दुभाष्याचेच आहे. छापील अर्ज स्वभाषेत मिळाला, तरी त्यावर कारकुनाने विचारलेला प्रश्न, भाड्याचे साहाय्य बंद झाल्याची नोटीस, त्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत, या ठिकाणी मनुष्य अडतो. अशा वेळी शाळकरी मुलाला मध्यस्थ करण्याची रीत फार घातक आहे; आईच्या दुखण्याची किंवा घर सोडण्याच्या हुकुमाची वार्ता त्या मुलाने आपल्या तोंडून सांगावी, ही अपेक्षा मुळातच निर्दय असून, कायद्याच्या परिभाषेचा अर्थ त्याला ठाऊक नसल्याने हक्कही बुडतो, आणि मुलासमक्ष संकोचून आईबाप निम्मी हकीकत गिळून टाकतात. म्हणूनच प्रशिक्षित दुभाषी विनामूल्य मिळेल, अशी पाटी दफ्तरात ठळक जागी असणे अगत्याचे ठरते.

मार्च 2025 मध्ये इंग्रजीला राजभाषा ठरविणाऱ्या नव्या अध्यक्षीय आदेशाने 2000 चा आदेश रद्द केला. 1964 चा अधिनियम व न्यूयॉर्कचा स्थानिक कायदा मात्र त्याने रद्द झालेला नाही.