चिलर, औद्योगिक : प्रतिबंधक देखभाल

मोठ्या प्रमाणावर थंड पाणी तयार करणारी प्रशीतन यंत्रे बंद पडण्याची वाट न पाहता, ठरावीक काळाने आणि नोंदी पाहून केलेली तपासणी, साफसफाई व दुरुस्ती. औषध, दूध व प्लॅस्टिकचे कारखाने, रुग्णालये, डेटा सेंटर, विमानतळ अशा ठिकाणी ही यंत्रे असतात. त्यांची क्षमता टनांत सांगतात. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता काढून घेण्याची ताकद. वातानुकूलनासाठी पाणी साधारण ७° से.ला यंत्राबाहेर पडते आणि १२° से.च्या आसपास परत येते. विलिस कॅरिअर यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत अपकेंद्री चिलर लोकांपुढे मांडला. आजची बरीचशी मोठी यंत्रे त्याच घराण्यातली आहेत.

सगळ्यांचे लक्ष कॉम्प्रेसरकडे असते, कारण तो महाग असतो आणि आवाज करतो. प्रत्यक्षात जलशीतित चिलरची बहुतेक दुखणी पाण्यातून येतात. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. ते वाढू नयेत म्हणून थोडे पाणी सतत सोडून द्यावे लागते. याला ब्लीड म्हणतात. ‘पाणी वाया जाते’ म्हणून ब्लीडचा व्हॉल्व्ह बंद करणारे महाभाग प्रत्येक कारखान्यात सापडतात. एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी तुटले की टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी टॉवरमध्ये पडते, पण रसायनाची मात्रा जुनीच चालू राहते. मग कंडेन्सरच्या, म्हणजे वायूला द्रवरूप करणाऱ्या भागाच्या, तांब्याच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो, उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि प्रशीतक वायूचा दाब चढतो. द्रवीभवनाचे तापमान एका अंशाने वाढले की वीज साधारण दोन ते तीन टक्के जास्त लागते. टॉवरमधील शेवाळ व जिवाणूंचा बंदोबस्तही याच कामात येतो. लेजिओनेला जिवाणू अशा पाण्यात वाढून तुषारांतून पसरू शकतो.

नळ्या आतून मळल्या आहेत हे यंत्र न उघडता कळते. त्यासाठी ‘अ‍ॅप्रोच’ पाहतात : कंडेन्सरमधील वायूचे द्रवीभवन-तापमान वजा तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान. समजा पाणी ३५° से.ला बाहेर पडते आणि वायू ३६.५° से.ला द्रवरूप होतो, तर अ‍ॅप्रोच १.५. चार-सहा महिन्यांत तोच ४ वर गेला, तर नळ्यांत थर बसला आहे किंवा आत हवा शिरली आहे. तुलना मात्र सारख्याच भारावरच्या आकड्यांची हवी. निम्म्या भारावर अ‍ॅप्रोच आपोआप कमी दिसतो. म्हणून दर दोन तासांनी भरलेली लॉगशीट हे देखभालीचे पहिले हत्यार ठरते. शिफ्ट सुटताना एकाच पेनने, एकाच दमात भरलेली लॉगशीट ओळखू येते : सगळे आकडे शहाण्यासारखे एका ओळीत असतात.

कंडेन्सरच्या नळ्या वर्षातून एकदा ब्रशने साफ करतात. दोन्ही टोकांची झाकणे उघडल्यावर नळ्या ओल्या असतानाच ब्रश फिरवायचा असतो, वाळलेला थर घट्ट धरतो. नळ्यांना आतून आटे असतील तर फिरणारा, त्याच मापाचा ब्रश लागतो. त्यानेही न निघणाऱ्या थरासाठी सौम्य आम्ल फिरवून नंतर ते उदासीन करतात. इव्हॅपोरेटर म्हणजे पाणी थंड करणारा भाग. त्याचे पाणी बंद मंडलात फिरत असल्याने त्याला हे काम कमी वेळा पुरते. काही वर्षांनी नळ्यांची भोवरा-प्रवाह चाचणी घेतात. आधारपट्ट्यांपाशी घासून पातळ झालेली नळी त्यात सापडते आणि फुटण्याआधीच बुजवता येते.

सर्वांत मोठा धाक इव्हॅपोरेटर गोठण्याचा. पंप थांबला आणि कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर नळीतले पाणी बर्फ होऊन नळी फुटते आणि पाणी थेट वायूच्या मंडलात शिरते. त्यानंतर कॉम्प्रेसरही वाचेल याची खात्री नसते. हे टाळण्यासाठी फ्लो स्विच असतो. तो वारंवार ट्रिप होतो म्हणून पॅनलमध्ये एक छोटी वायर जोडून त्याला बगल दिलेली असते, आणि ती वायर वर्षानुवर्षे तशीच राहते. तपासणीला आलेल्या माणसाने ती आधी शोधावी.

तेल कॅलेंडर पाहून बदलण्यापेक्षा त्याचा नमुना तपासून बदलणे शहाणपणाचे. त्यातील आम्ल, ओलावा आणि धातूचे कण बेअरिंगची हालत सांगतात. यंत्र बंद असताना तेलाचा हीटर चालू हवा, नाहीतर वायू तेलात विरघळतो व सुरू होताच फेस होऊन बेअरिंग कोरडी पडतात. सुट्टीत मेन स्विच पाडून जाणारा वायरमन हाच घोळ करतो. याखेरीज मोटरची मेगर (विद्युतरोधन) चाचणी, कंपने, वायुगळती व सुरक्षा-स्विच हे नेहमीचे काम. आर-१२३ सारख्या कमी दाबाच्या वायूवर चालणाऱ्या यंत्रांत गळती उलटी असते, म्हणजे हवा आत येते. लिथियम ब्रोमाइडच्या शोषण यंत्रांत तर निर्वात टिकवणे हीच निम्मी देखभाल.

जलशीतित चिलरची कसोटी उन्हाळ्यातच लागते असे नाही. टॉवर आर्द्र तापमापीच्या, म्हणजे हवेतील ओलावा धरून मोजलेल्या, तापमानावर चालतो. त्यामुळे नागपूरच्या कोरड्या ४५° से.पेक्षा कोकणातला दमट जून त्याला जड जाऊ शकतो. वार्षिक काम म्हणूनच थंडीत उरकतात. राखीव चिलर मात्र पाणी भरून नुसता उभा ठेवू नये : साचलेल्या पाण्यात तांब्याच्या नळ्यांना बारीक खड्डे पडतात. तो आळीपाळीने चालवावा, किंवा पाणी काढून कोरडा ठेवावा.