थोड्या शेअरांचा भाव

महाडनजीकच्या वीर स्थानकापर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग १९९३ साली खुला झाला. त्या रेल्वेच्या भांडवलाचा मोठा अंश रोखे विकून उभारलेला आहे. लोकांनी कागदावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासातून डोंगर फोडून रूळ टाकले गेले. पण कागदावरील विश्वास नेहमीच असा फळतो काय? मुंबईचा १८६४-६५चा इतिहास याचे उत्तर देतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि बँका व मंडळ्या भराभर निघाल्या. त्यांत समुद्र हटवून जमीन करू पाहणारी बॅकबे कंपनी अग्रगण्य होती. तिच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्याही वर गेला.

हा भाव ठरविला कोणी? मुंबई सरकारने घ्यावयाचे ४०० शेअर हिंदुस्थान सरकारने नामंजूर केल्यामुळे लिलावास निघाले व दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकले गेले. विकले गेले ते थोडेच. पण त्यांच्या भावाने उरलेल्या सर्व शेअरांची किंमत लोकांच्या मनात चढली. थोडक्यांच्या सौद्याने सर्वांच्या संपत्तीचे माप ठरावे, हीच बाजाराची गोम आहे; आणि भाव मुद्दाम चढवू पाहणाऱ्यास तीच सोयीची पडते.

त्यात १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. भाव चढला की तारण वाढे, तारण वाढले की कर्ज वाढे, आणि त्या कर्जाने पुन्हा शेअरच घेतले जात. प्रेमचंद रायचंद यांचे या बँकेत फार वजन होते. तथापि सारा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही; चढत्या भावाची शहानिशा करण्याची इच्छा फारच थोड्यांस होती.

१८६५च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलैस वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली. कित्येक धनिकांची दिवाळी निघाली. बँकेचे बहुतेक भांडवल बुडाले व १८६८ साली ती मोडली.

वीरचे रूळ आणि बॅकबेचा शेअर, दोन्ही कागदातूनच जन्मले. भेद एवढाच की, एकाच्या पैशाचे काम डोळ्यांस दिसले, तर दुसऱ्याचा भाव काम होण्यापूर्वीच आकाशास भिडला. म्हणून चढता भाव कानी पडताच किती शेअरांचा सौदा झाला, कोणी केला व कोणाच्या पैशाने केला, एवढे तरी गृहस्थाने विचारावे.