आइसलँडिक सागा

आइसलँडमध्ये बाराव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत, पण मुख्यतः तेराव्या शतकात, लोकभाषेत लिहिल्या गेलेल्या दीर्घ गद्यकथांना सागा म्हणतात. नॉर्वेच्या राजांची चरित्रे, बिशपांची चरित्रे, पुराणकाळातल्या वीरांच्या अद्भुत कथा, फ्रेंच दरबारी प्रणयकथांची रूपांतरे आणि समकालीन यादवीचे वृत्तांत असे त्यांचे प्रकार आहेत. त्यांतल्या सुमारे चाळीस कथा ‘आइसलँडवासीयांच्या सागा’ म्हणून ओळखल्या जातात आणि सागांची जागतिक कीर्ती मुख्यतः त्यांच्यावर उभी आहे. या कथांच्या मध्यभागी राजा नाही. शेतकरी आहेत, त्यांची कुरणे, गुरेमेंढरे, सोयरिकी आणि त्यांतून उपटलेली भांडणे आहेत. कथेतला काळ साधारण इ. स. ८७० ते १०३०, लिहिणाऱ्याचा काळ त्यानंतर दोन-तीनशे वर्षांचा. लेखकांची नावे जवळजवळ कोठेच दिलेली नाहीत.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या बेटावर कायमची वस्ती नव्हती. ८७० च्या दशकात झालेल्या ज्वालामुखी उद्रेकाच्या राखेचा एक थर बेटाच्या मोठ्या भागात सापडतो. त्याच्या खाली मानवी वावराच्या खुणा फारच थोड्या, वर मात्र विपुल आहेत. पश्चिम नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांवरच्या नॉर्स वसाहतींतून लोक आले, येताना आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या स्त्रिया आणि गुलाम घेऊन आले. आजच्या आइसलँडवासीयांच्या जनुकांत मातृकुळाकडून आलेला मोठा केल्टिक अंश दिसतो, तो यामुळेच. हाराल्ड हारफाग्रे या नॉर्वेच्या राजाच्या जुलमाला कंटाळून स्वाभिमानी माणसे देश सोडून निघाली, असे सागा सांगतात. या सांगण्यात तथ्यापेक्षा वंशाभिमान जास्त असावा. मोकळ्या जमिनीची ओढ हेही तितकेच सबळ कारण होते. ‘लांडनामाबोक’ या वसाहतीच्या ग्रंथात सुमारे ४३० मूळ वसाहतकऱ्यांची माहिती आणि तीन हजारांहून अधिक माणसांची नावे आहेत. कोणी कोणती जमीन घेतली आणि कोणाचा वंश कोणापासून, हे नोंदवून ठेवण्याचे वेड या समाजाला सुरुवातीपासून होते.

९३० च्या सुमारास थिंगवेल्लिर येथे आल्थिंग ही देशव्यापी सभा भरू लागली. दर उन्हाळ्यात साधारण दोन आठवडे चालणारी ही सभा एकाच वेळी विधिमंडळ, न्यायालय, बाजार आणि लग्ने जुळवण्याची जागा होती. कायदा लिहिलेला नव्हता. तीन वर्षांसाठी निवडलेला विधिवक्ता दरवर्षी त्याचा एक तृतीयांश भाग ‘कायद्याच्या खडका’वरून मुखोद्गत म्हणून दाखवी, संपूर्ण देशात मोबदला मिळणारा अधिकारी तेवढा एकच. ९६५ च्या सुमारास देशाचे चार विभाग पाडले गेले आणि प्रत्येकाला स्वतंत्र न्यायालय मिळाले. अकराव्या शतकाच्या आरंभी अडलेल्या खटल्यांसाठी पाचवे न्यायालय आले.

या व्यवस्थेत न्यायाधीश होते, पण शिपाई नव्हता. राजा नाही, सैन्य नाही, तुरुंग नाही, शिक्षा अंमलात आणणारे सरकारी खाते नाही. न्यायालय निकाल देई. तो बजावणे फिर्यादीचे काम. सर्वांत कडक शिक्षा म्हणजे पूर्ण बहिष्कृती. अशा माणसाची मालमत्ता जप्त होई, त्याला कोणी थारा द्यायचा नाही, आणि कोणीही त्याला मारले तरी गुन्हा नाही. सौम्य शिक्षेत तीन वर्षे देशाबाहेर राहावे लागे. निकाल बजावायचा तर माणसे हवीत, आणि माणसे गोदीकडे. गोदी म्हणजे स्थानिक पुढारी. जुन्या धर्मात पूजेचा मानही बहुधा त्याच्याकडे असे. त्याचे पद वंशपरंपरेने मिळे, पण ते विकता येई, वाटून घेता येई, उसने देताही येई. त्याची सत्ता प्रदेशावर नसून अनुयायांवर होती. शेतकऱ्याला आपला गोदी बदलण्याची मुभा होती. त्यामुळे पुढाऱ्याला अनुयायांची मर्जी राखावी लागे, मेजवान्या द्याव्या लागत, त्यांचे तंटे अंगावर घ्यावे लागत. सागांमधले जवळजवळ सगळे राजकारण या जुळवाजुळवीचे आहे: कोण कोणाच्या बाजूने किती माणसे घेऊन सभेला येतो.

गावे आणि शहरे नव्हतीच. एकेकट्या शेतवाड्या, भोवती गवताची कुरणे, उन्हाळ्यात डोंगरावरची चराई, हिवाळ्यासाठी साठवलेला चारा, असे हे जीवन. धान्य फारसे पिकत नसे. दूधदुभते, मांस आणि मासळी यांवर भागे. वाद्माल हे घरी विणलेले लोकरी कापड चलन म्हणून चाले आणि निर्यातही होई. इमारती लाकूड बाहेरून आणावे लागे, म्हणून किनाऱ्याला वाहून आलेल्या ओंडक्यावर आणि मेलेल्या देवमाशावर कोणाचा हक्क, यावरून रक्तपात झाल्याच्या कथा आहेत. १०९७ च्या सुमाराच्या गणनेत सभेचा कर देण्याइतपत ऐपत असलेले शेतकरी सुमारे ४,५०० भरले. त्यांच्याखाली कुळे, गडी आणि, बाराव्या शतकापर्यंत ओसरत गेलेले, गुलाम होते. स्वतंत्र शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक असे या समाजाचे कौतुक एकोणिसाव्या शतकात फार झाले; त्या चित्रात हा खालचा थर सहसा गाळला जाई.

स्त्रियांना गोदीचे काम करता येत नसे, न्यायालयात स्थान नव्हते. मात्र त्यांना मालमत्ता बाळगता येई, घटस्फोट मागता येई, आणि घरच्या कोठाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. सागांमध्ये त्यांचे खरे शस्त्र म्हणजे शब्द. नवरा किंवा मुलगा सूड घ्यायला कचरतो तेव्हा घरची बाई त्याच्या पौरुषावर बोट ठेवते, आणि मग माघार उरत नाही. हे त्या काळचे वास्तव की रक्तपाताचे खापर स्त्रीवर फोडण्याची पुरुष लेखकांची सोय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

कायदा आणि प्रतिष्ठा यांची ओढाताण सर्वांत खोलवर दिसते ती १२८० च्या सुमारास लिहिलेल्या ‘न्यालच्या सागे’त. न्याल हा देशातला सर्वांत जाणता कायदेपंडित, गुन्नर हा त्याचा योद्धा मित्र. मेजवानीतल्या बसण्याच्या जागेवरून दोघांच्या बायकांत, बेर्गथोरा आणि हाल्गेर्द यांच्यात, वितुष्ट येते. एकीने दुसरीचा गडी मारवायचा, मग दुसरीने पहिलीचा. नवरे मात्र दरवेळी शांतपणे नुकसानभरपाई देऊन मोकळे होतात. पहिल्या खुनाची म्हणून मिळालेली चांदीची थैली न्याल जपून ठेवतो आणि दुसऱ्या खुनासाठी तीच परत करतो. हिशेब चोख बसतो, वैर तसेच राहते, आणि मारल्या जाणाऱ्यांचा दर्जा एकेक पायरी वर चढत जातो. पुढे गुन्नरला तीन वर्षांची हद्दपारी होते. बंदराकडे जाताना घोडा अडखळतो, तो खाली उतरून मागे वळून आपले शेत पाहतो आणि जायचे नाही असे ठरवतो. शत्रू घराला वेढा घालतात, धनुष्याची दोरी तुटते, नवी दोरी वळण्यासाठी तो बायकोकडे केसांच्या दोन बटा मागतो. पूर्वी खाल्लेल्या थपडेची आठवण देऊन हाल्गेर्द नकार देते. उत्तरार्धात न्यालची मुले न्यालनेच वाढवलेल्या निरपराध हॉस्कुल्डला ठार करतात. आल्थिंगवर तडजोड जवळजवळ पूर्ण होते. भरपाईच्या ढिगावर न्याल एक रेशमी वस्त्र ठेवतो, त्यावरून शब्दाला शब्द लागतो आणि सगळे फिसकटते. शेवटी न्यालला त्याच्या घरच्यांसह राहत्या घरात जाळले जाते. त्यानंतरचा खटला सागेत पानेच्या पाने चालतो, कलमे, साक्षी, पंचांवरचे आक्षेप यांच्या तपशिलासकट, आणि एका कायदेशीर चुकीवर कोसळून भर सभेत तलवारी निघतात. कंटाळवाणा म्हणून हा भाग वगळण्याचा मोह अनेक वाचकांना होतो, पण कथेचे मर्म तिथेच आहे.

इतर सागांचे सूर वेगळे आहेत. ‘एगिलच्या सागे’चा नायक बालपणीच खेळातल्या भांडणात खून करतो, यॉर्कमध्ये शत्रुराजाची स्तुतिकविता रचून स्वतःचे शिर वाचवतो, आणि मुलगा बुडाल्यावर उपाशी मरायला निघतो; मुलगी त्याला युक्तीने दूध पाजते व शोककाव्य रचायला लावते. ‘लाक्सडेला सागा’ गुद्रून या स्त्रीभोवती फिरते, तिची चार लग्ने आणि ज्याच्याशी झाले नाही तो किआर्तन. ग्रेटिर आणि गिस्ली हे आपापल्या सागांचे नायक बहिष्कृत. भुताशी झुंजलेल्या ग्रेटिरला पुढे अंधाराचीच भीती वाटू लागते. ‘ग्रीनलँडवासीयांची सागा’ आणि ‘एरिक रौदीची सागा’ यांत उत्तर अमेरिकेपर्यंतचे प्रवास येतात. न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे १९६० मध्ये नॉर्स वस्तीचे अवशेष सापडले आणि त्या वर्णनांना भक्कम आधार मिळाला.

सागांची शैली कोरडी आहे, आणि हे त्यांचे बळ. पात्राच्या मनात काय चालले आहे ते निवेदक सांगत नाही. चेहरा लाल झाला, तो काही बोलला नाही, एवढ्यावर भागवतो. मरणाच्या दारात माणसे थट्टेचे एखादे वाक्य टाकून जातात. नवे पात्र येताच त्याची वंशावळ येते. मधून मधून स्काल्ड कवींची गुंतागुंतीची पद्ये पुरावा म्हणून पेरलेली असतात.

हे वाङ्मय लेखणीने लिहिले जाऊ लागले ते ख्रिस्ती धर्मामुळे. ९९९ किंवा १००० साली आल्थिंगवर दोन्ही पक्षांनी निवाडा थोरगेर या विधिवक्त्यावर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस-रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा असे त्याने सांगितले. घोड्याचे मांस खाणे, नकोसे अर्भक टाकून देणे आणि गुपचूप जुन्या देवांना बळी देणे यांची मोकळीक काही काळ राहिली. १०५६ मध्ये स्काल्होल्ट आणि ११०६ मध्ये होलार येथे बिशपपीठ आले. १११७-१८ च्या हिवाळ्यात कायदे लिहायला घेतले गेले आणि काही वर्षांत आरी थोरगिल्सन याने देशाचा संक्षिप्त इतिहास लोकभाषेत लिहिला. पुष्कळसे धर्मगुरू पुढारी घराण्यांतलेच, संसारी आणि जमीनदार होते. मठ आणि शेतवाडी यांत फार अंतर नव्हते. लिहायला वासरांचे कातडे घरचेच मिळे.

त्याच चर्चने जुनी व्यवस्था पोखरली. १०९७ च्या सुमारास लागू झालेल्या दशांश कराचा निम्मा भाग चर्चच्या आणि पाद्रीच्या नावाने, प्रत्यक्षात चर्च ज्याच्या जमिनीवर त्याच्या हाती जाई. काही घराणी गबर झाली, गोदीपदे विकत घेत गेली, आणि १२२० च्या सुमारास सत्ता मोजक्या कुळांकडे एकवटली. त्यानंतरच्या यादवीला स्टुर्लुंग घराण्यावरून स्टुर्लुंग युग म्हणतात. ‘एड्डा’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ आणि ‘हाइम्सक्रिंग्ला’ हा नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसन याच राजकारणात मुरलेला. नॉर्वेच्या राजाचा रोष ओढवून १२४१ मध्ये तो रेक्होल्ट येथील घराच्या तळघरात मारला गेला. मारेकऱ्यांचा म्होरक्या गिस्सुर हा त्याचा एकेकाळचा जावई. १२५३ मध्ये फ्लुगुमीरी येथे गिस्सुरच्या मुलाच्या लग्नानंतर घराला आग लावली गेली. बायको-मुले गेली, तो स्वतः आंबट निवळीच्या पिपात लपून वाचला. नवरीचा बाप म्हणजे इतिहासकार स्टुर्ला थोर्दर्सन, आणि या काळाचा वृत्तांत त्याच्याच लेखणीतून उतरला आहे. १२६२ ते १२६४ या काळात आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व पत्करले. न्यालच्या घराच्या आगीचे वर्णन वाचणाऱ्या पहिल्या पिढीला फ्लुगुमीरीची आग आठवत होती.

म्हणूनच सागा दहाव्या शतकाचा पुरावा की तेराव्याचा, हा प्रश्न जुना आहे. मौखिक परंपराच जवळपास जशीच्या तशी उतरली असे एक मत होते. सिगुर्दुर नोर्दाल याने १९४० मध्ये ‘ह्राफ्नकेलच्या सागे’चा अभ्यास करून ती जाणीवपूर्वक रचलेली कलाकृती असल्याचे दाखवले, आणि पारडे लेखकाकडे झुकले. अलीकडचे अभ्यासक घटनांच्या खरेपणापेक्षा भांडणाच्या रीतीकडे पाहतात: मध्यस्थी कशी होते, नुकसानभरपाई कशी ठरते, माघार कुठे घेता येते.

मूळ लेखकांच्या हातची प्रत एकाही आइसलँडवासीयांच्या सागेची उरलेली नाही. चौदाव्या शतकातल्या ‘मोद्रुवाल्लाबोक’ या हस्तलिखितात अकरा सागा एकत्र आहेत. ‘फ्लाटेयार्बोक’ या राजचरित्रांच्या भव्य ग्रंथाला ११३ वासरांची कातडी लागली. हिवाळी संध्याकाळी लोकर पिंजता-विणता एकाने वाचायचे आणि घरादाराने ऐकायचे, या रिवाजाने सागा शतकानुशतके टिकल्या. जीर्ण पाने मात्र शिंप्याच्या मापासाठीही कापली गेली. आर्नी माग्नुसन (१६६३–१७३०) याने अशी पाने घरोघर फिरून जमवली आणि कोपनहेगनला नेली. १७२८ च्या आगीत त्याची छापील पुस्तके मोठ्या प्रमाणात जळाली, बहुतेक महत्त्वाची हस्तलिखिते वाचली. देश स्वतंत्र झाल्यावर आइसलँडने कोपनहेगनमधली हस्तलिखिते परत मागितली. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाच्या जहाजातून ‘फ्लाटेयार्बोक’ आणि एड्डाकाव्यांचे ‘कोडेक्स रेगियस’ रेक्याविकच्या बंदरात उतरले, तेव्हा मोठा जमाव लोटला होता. परतीचे काम १९९७ पर्यंत चालले; आर्नीच्या संग्रहाचा उरलेला मोठा भाग कोपनहेगन विद्यापीठात आहे आणि २००९ पासून दोन्ही ठिकाणचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट आहे.