काजऱ्याची बी आणि न थकणारा उंदीर

३० ऑगस्ट १९०४ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. पारा ३२ अंश सेल्सियसच्या घरात, रस्ता धुळीचा आणि वाटेत पाण्याची सोय नावापुरती. ३२ जण धावायला उतरले, १४ जण शेवटपर्यंत पोहोचले. विजेता टॉमस हिक्स याने वाटेत पाणी मागितले, तेव्हा मदतनिसांनी ते नाकारले. त्याऐवजी अंड्याच्या पांढऱ्या बलकाबरोबर सुमारे एक मिलिग्रॅम स्ट्रिक्निन दिले. पुढे आणखी एक मात्रा आणि ब्रँडी. अखेरीस त्याला भास होऊ लागले. मदतनिसांच्या आधारानेच त्याने शर्यत संपवली.

हे स्ट्रिक्निन आपल्याला परके नाही. कोकणात ज्याला काजरा म्हणतात, त्या कुचल्याच्या बियांतले हे विष. स्नायूंना आवरून धरणारी मज्जारज्जूतली यंत्रणा ते निकामी करते. अल्प मात्रेत तरतरी वाटते. मात्रा थोडी वाढली की आचके येतात आणि श्वास कोंडून माणूस मरतो. बळ वाढत नाही, लगाम तेवढा सुटतो.

हिक्स वाचला. त्याचा एक मदतनीस चार्ल्स लुकास याने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून, अशी औषधे धावपटूला फार उपयोगी पडतात, असा निष्कर्ष काढला. पण औषध न घेता, पाणी पिऊन हिक्स कसा धावला असता? हे त्याने विचारलेच नाही. ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंद ही आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉन विजेत्यांची सर्वांत संथ वेळ आहे.

ही तुलना पुढे प्रयोगशाळेत झाली. जीडब्ल्यू ५०१५१६ हे रसायन औषधकंपन्यांनी चयापचयाच्या विकारांसाठी विकसित केले होते. स्नायूंना साखरेऐवजी चरबी जाळायला ते प्रवृत्त करते. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले, की नुसता सराव केलेल्या उंदरांपेक्षा सरावाबरोबर हे रसायन घेतलेले उंदीर सुमारे ७० टक्के अधिक अंतर धावतात. लाभ खरा होता. मात्र दीर्घकाळ औषध दिलेल्या प्राण्यांत अनेक अवयवांचे कर्करोग आढळले आणि औषध म्हणून त्याचा विकास थांबला. तरीही ते ‘कार्डरिन’ नावाने चोरबाजारात आले. २०१३ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंना जाहीर इशारा दिला: हे घेऊ नका, धोका आरोग्याचा आहे.

वापरणारे म्हणतात, प्राण्यांना मात्रा मोठी होती, काळही लांब होता. या आक्षेपात तथ्य आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण मग उंदराचा वाढलेला दम तरी आपला कसा मानायचा? लाभ मोजताना उंदीर आपला आणि धोका मोजताना परका, असा हिशेब चालत नाही.

असाध्य रोग्यासाठी अपुऱ्या माहितीचे औषधही कधी योग्य ठरते, कारण दुसऱ्या पारड्यात मरण असते. निरोगी धावपटूच्या दुसऱ्या पारड्यात काही मिनिटे असतात. शिवाय प्रयोगशाळेत निदान नोंद ठेवली जाते. चोरून घेणाऱ्याची कोणीच ठेवत नाही. हिक्सला औषध देणारे निदान त्याच्या सोबत होते. आजचा धावपटू हा प्रयोग एकट्यानेच स्वतःवर करतो, आणि त्यातून कोणी काही शिकत नाही.