परशुरामाच्या भूमीत आलेली ‘चिरंजीव’ रसायने

१/ परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासणीला दिले, तर अहवालात फ्लोराइडचा रकाना असतो. भारतीय पेयजल मानकानुसार (आयएस १०५००) त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. हे फ्लोराइड खडकांतून पाण्यात उतरते. परंतु याच फ्लोरिनचा एक मानवनिर्मित अवतारही आहे आणि त्याच्यासाठी त्या अहवालात रकानाच नाही. आजचा धागा या दुसऱ्या अवताराच्या इतिहासाचा. तो फ्रान्समध्ये सुरू होतो आणि कोकणात लोटे परशुरामला पोहोचतो.

२/ २६ जून १८८६. आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने फ्लोरिन वायू प्रथमच वेगळा केला. त्याआधी या प्रयत्नात अनेकांना विषबाधा झाली होती, काहींनी प्राणही गमावले होते. म्वासाँला १९०६ चे नोबेल मिळाले. फ्लोरिन जवळजवळ प्रत्येक मूलद्रव्यावर तुटून पडतो. पण कार्बनशी एकदा जुळला की सहसा सुटत नाही. सेंद्रिय रसायनशास्त्रातील एकेरी बंधांमध्ये हा बंध सर्वांत बळकट मानला जातो. पुढील सारी कथा या एका बंधाची आहे.

३/ ६ एप्रिल १९३८. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणासाठी नवा वायू शोधत होता. एका नळकांड्याची झडप उघडली, पण वायू बाहेर येईना. वजन तर सांगत होते की आत काहीतरी आहे. नळकांडे कापले तेव्हा आत पांढरी, मेणचट, निसरडी भुकटी सापडली. हीच पुढे ‘टेफ्लॉन’ म्हणून ओळखली गेली.

४/ दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पात युरेनियमचे अत्यंत दाहक संयुग हाताळायचे होते. त्यापुढे टिकणारे पदार्थ फारच थोडे होते. टेफ्लॉन त्यांपैकी एक. युद्ध संपले आणि हा पदार्थ स्वयंपाकघरात आला. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार याने न चिकटणारे तवे बाजारात आणले. याच कुळातील इतर रसायने डाग न धरणाऱ्या कापडात, वेष्टनाच्या कागदात आणि आग विझवणाऱ्या फेसात गेली. या कुळाला आज ‘पीएफएएस’ म्हणतात. त्यात हजारो संयुगे आहेत.

५/ यांचे वैशिष्ट्य असे की अनेक संयुगे पाणीही झटकतात आणि तेलही. उष्णतेला दाद देत नाहीत. पण जो बंध तव्यावर उपयोगी, तोच नदीत घातक. हे संयुग जिवाणूंना फोडता येत नाही, उन्हाने विरत नाही. सक्रिय कार्बनच्या गाळणीत ते अडकते, पण नष्ट होत नाही. मग त्या कार्बनचे काय करायचे हा प्रश्न उरतो. टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे ‘पीएफओए’ मानवी रक्तातून निम्मे उतरायलाच दोन ते चार वर्षे लागतात.

६/ १९६८ मध्ये डोनाल्ड टेव्हिस या अमेरिकी संशोधकाला मानवी रक्तात सेंद्रिय स्वरूपातले फ्लोरिन आढळले. म्हणजे पहिली ऐतिहासिक नोंद माणसाच्या शरीरातच झाली होती. १९९० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या. त्याचा वकील रॉबर्ट बिलॉट याने न्यायालयामार्फत ड्यूपाँची जुनी कागदपत्रे मिळवली आणि कंपनीला धोक्याची कल्पना कितीतरी आधीपासून होती, हे उघड झाले. पुढे सुमारे ६९,००० लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यासातून २०१२ पर्यंत ‘पीएफओए’चा संबंध मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी जोडला गेला.

७/ आता इटली. १९६० च्या दशकात मार्झोत्तो या वस्त्रोद्योजक घराण्याने विचेन्झाजवळ त्रिस्सिनो येथे ‘रिमार’ ही संशोधनशाळा काढली. तिचाच पुढे ‘मितेनी’ हा कारखाना झाला. २०१३ मध्ये या परिसरातील पाण्याचे प्रदूषण चव्हाट्यावर आले. तीन प्रांतांतील सुमारे साडेतीन लाख लोक बाधित क्षेत्रात होते. मुलांच्या रक्ततपासणीचे अहवाल हाती आल्यावर तिथल्या आया संघटित झाल्या. २०१८ मध्ये मितेनीचे दिवाळे निघाले. २६ जून २०२५ रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. शिक्षांची बेरीज १४१ वर्षे. हा पहिल्या पायरीच्या न्यायालयाचा निकाल आहे. योगायोग पाहा: म्वासाँने फ्लोरिन मोकळा केला, तीच ही तारीख.

८/ कारखाना बंद पडला, तरी यंत्रे शिल्लक होती. २०१९ च्या लिलावात लक्ष्मी ऑर्गॅनिक या भारतीय कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत मितेनीची यंत्रसामग्री, तंत्रज्ञान आणि पेटंटे विकत घेतली. ही सामग्री जहाजांतून भारतात आली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत पुन्हा उभी राहिली. सारी फ्लोरिनयुक्त रसायने सारखी नसतात. अनेक औषधांनाही फ्लोरिन लागतो. यंत्र कुठून आले यावरून कोणी दोषी ठरत नाही. दोष असो वा निर्दोषत्व, दोन्ही मोजमापानेच सिद्ध होतात.

९/ इतिहासप्रेमींना हा प्रदेश परिचित आहे. जवळची वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. बहामनी काळात याच दाभोळ बंदरात अरबी घोडे उतरत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने ते नोंदवले आणि परतीचे जहाजही इथूनच धरले. घोडे गेले, बंदर ओसरले, खाडी राहिली. रासायनिक सांडपाण्यामुळे मासळी घटल्याची तक्रार तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ज्या परशुरामाच्या नावाने हे ठिकाण ओळखले जाते, तो सप्तचिरंजीवांपैकी एक. त्याच्या भूमीत आता वेगळ्या चिरंजीवांची चर्चा आहे.

१०/ जगाने काय केले? स्टॉकहोम करारात ‘पीएफओएस’ २००९ मध्ये, तर ‘पीएफओए’ २०१९ मध्ये समाविष्ट झाले. २०२३ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ‘पीएफओए’ला मानवात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. २०२४ मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात या दोहोंसाठी लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या फ्लोराइडच्या मर्यादेशी तुलना केली, तर हा आकडा अडीच लाख पटींनी लहान आहे. फ्लोराइडच्या नेहमीच्या चाचणीत ही संयुगे दिसत नाहीत, कारण त्यांतले फ्लोरिन कार्बनने घट्ट धरून ठेवलेले असते.

११/ म्हणून शेवटी पुन्हा बोरीच्या त्या अहवालाकडे येऊ. ज्याचा रकाना नाही, त्याची नोंद होत नाही. आणि नोंद नसेल, तर उद्याच्या न्यायालयात आणि इतिहासात पुरावाही नसतो. इटलीत यंत्रे आधी आली आणि मोजमाप सुमारे अर्ध्या शतकाने. कोकणात एवढा उशीर टाळता येईल. वाशिष्ठीचे पाणी आज तपासून ठेवले, तर ते उद्याच्या इतिहासकाराचे अस्सल साधन ठरेल आणि खाडीकाठच्या मुलांचे संरक्षणही.